मांडव मोरीपासून सुरू होतो

मैत्रिणींनो, मांडव म्हटला की आपल्याला लग्नघर आठवतं. चार दिवसांचा थाट, मग खांब उपटले की संपलं! पण आज मी सांगणार आहे तो मांडव वर्षानुवर्षं उभा राहतो आणि त्याखाली दोडकी, कारली नि पडवळं लोंबतात. तो नीट पाहायचा असेल तर ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या तानशाच्या बाजूला जायला हवं.

कसाऱ्याच्या लोकलनं आटगावला उतरायचं आणि तानशाचा रस्ता धरायचा. साग, ऐन, खैर आणि मधूनमधून बांबूची बेटं! हे रान १९७० साली अभयारण्य झालं. धरण त्याहून खूप जुनं, १८९२ सालचं. पावणेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीची ती भिंत पाहून मन थक्क होतं. इथलं पाणी उताराच्या जोरावर मुंबईकडे जातं.

मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यातली. आणि याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. म्हणूनच इथल्या घरामागचा हिरवा मांडव पाहिला की प्रश्न पडतो, याला पाणी येतं कुठून?

मी एका पाड्यावरच्या बाईंना तेच विचारलं. त्या हसल्या नि म्हणाल्या, "बाई, येलाला येगळं पाणी कोन देतं? तांदूळ धुतले, भाजी धुतली, भांडी इसळली, ते सगळं येलालाच." भांडी राखेनं घासलेली, त्यामुळे त्या पाण्यानं वेलाचं काही बिघडत नाही. मोरीतून निघालेला एक बारीक पाट थेट वेलांच्या आळ्यांत गेला होता. मांडवाची जागासुद्धा मोरी पाहूनच ठरवलेली!

आता बांधणीकडे वळू. परसात आठ बाय दहा फुटांची जागा असली तरी पुष्कळ झाली. शक्यतो घराच्या पश्चिमेला घ्या, म्हणजे दुपारचं ऊन अडतं नि स्वयंपाकघरही जरा गार राहतं. दोन्ही लांब बाजूंना तीन-तीन अशा सहा मेढी लागतात. मेढ म्हणजे वर बेचकं असलेला खांब. मेढी साडेआठ फुटांच्या घ्या, त्यांतल्या दोन फूट जमिनीत जातील. उरलेले साडेसहा फूट म्हणजे आपला हात वर केला की शेंगेला पोचेल इतकीच उंची. माप तोडणारीच्या हाताचं घ्यावं, बरं का, सुताराच्या नव्हे!

जमिनीत जाणाऱ्या भागाला, आणि वर वीतभर, डांबर लावा, नाही तर वाळवी सोडायची नाही. खड्ड्याच्या तळाशी दगड घालून माती चांगली चोपा. बेचक्यांत आडवे वासे ठेवा, त्यांवर फूट-फूट अंतरानं बांबू टाका आणि सगळं काथ्यानं बांधा. खिळ्यानं बांबू फाटतो. काथ्या कुजला तर पावसाळ्याआधी नवा बांधता येतो. बांबू पाण्यात तीन-चार आठवडे बुडवून, सावलीत वाळवून वापरला तर त्याला भुंगा कमी लागतो.

घरात विषय काढलात की कुणीतरी म्हणेलच, "लोखंडी पाइप लावून टाकू!" पाइप टिकतो खरा, पण उन्हात असा तापतो की वेलाचे कोवळे तणावे करपतात. लाकडाचं म्हणाल तर मेढींसाठी झाड तोडू नका. १९६४ च्या कायद्यानं साग, ऐन, खैर अशी झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. गावातल्या वखारीत पाडलेल्या जुन्या घरांचे वासे मिळतात, ते चांगले मुरलेले असतात. बेचकं नसलं तर सुताराकडून वर खाच पाडून घ्या. बांबूची मात्र चिंता नको. २०१७ साली कायदा बदलला आणि जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला.

मृगाच्या सुमारास दोडका, कारलं, काकडी, पडवळ लावा. थंडीसाठी घेवडा आहेच. पडवळ वाकडं वाढू लागलं तर टोकाला लहानसा दगड बांधावा, सरळ होतं.

एवढं सांगितलं, तरी पहिलं काम मेढी आणायचं नाही. आधी दोन दिवस आपल्या मोरीपाशी उभ्या राहा आणि डाळ-तांदूळ, भाज्या धुतलेलं किती पाणी गटारात जातं ते बघा. साबणाचं, कपड्यांच्या पावडरीचं पाणी वेगळं काढा, ते वेलांना नको. उरलेलं पाणी एका बादलीत साठवलंत तरी चार वेल सहज जगतील. आपल्या नळाला येणारं पाणी कुणाच्या तरी गावावरून आलेलं असतं, आणि तिथली बाई ते दोनदा वापरते. आपण एकदा वापरून सोडून देतो. मांडव घालायचाच असेल, तर तो त्या बाईसारखा मोरीपासून सुरू करू या.