पटावर नाव आहे, हजेरी नाही

मी नोकरीत नक्की काय करते, हे आमच्या घरात कोणालाच नीट सांगता येत नाही. आजी मात्र बेधडक सांगते, "ती कॉम्प्युटरचे निरोप पोचवते." गंमत म्हणजे हे उत्तर अगदी बरोबर आहे.

हैदराबादच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी मेसेज क्यू सांभाळते. मेसेज क्यू म्हणजे निरोपांची रांग. एक प्रोग्रॅम रांगेत निरोप टाकतो, दुसरा आपल्या सवडीने तो उचलतो. आमचे एक ग्राहक रक्त तपासणाऱ्या लॅब चालवतात. तपासणी झाली की रिपोर्ट बनवणाऱ्या प्रोग्रॅमला निरोप जातो, रिपोर्ट झाला की एसएमएस पाठवणाऱ्याला दुसरा निरोप. यातला एखादा प्रोग्रॅम थोडा वेळ बंद पडला तरी निरोप हरवत नाही, रांगेत थांबून राहतो.

ही रांग चालवणारं आमचं सॉफ्टवेअर म्हणजे रॅबिटएमक्यू. ते २००७ मध्ये आलं आणि अर्लांग या भाषेत लिहिलेलं आहे. ही भाषा १९८० च्या दशकात स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत टेलिफोनच्या कामासाठी घडली. टेलिफोन एक्स्चेंज बंद पडून चालत नाही, म्हणून अनेक मशीन एकमेकांशी बोलत काम करतील ही सोय भाषेतच करून ठेवलेली आहे. त्याच सोयीवर आमचा क्लस्टर उभा आहे: तीन सर्व्हर, म्हणजे तीन नोड. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तिन्ही मिळून एकच रांग दिसते.

एका रात्री साडेदहाला फोन आला. तिसरा नोड दिसत नव्हता.

आमच्याकडे क्लस्टरची अवस्था विचारणारी एक कमांड आहे. तिच्या उत्तरात दोन याद्या येतात. एक, या क्लस्टरचे सदस्य कोण. दुसरी, आत्ता चालू कोण. शाळेतला पट आणि हजेरी यात जो फरक, तोच इथे. पहिल्या दोन नोडना विचारलं तर पटावर तीन नावं होती आणि हजेरी दोघांचीच. लॅबच्या बाजूचे अधिकारी कॉलवर होते. रिपोर्ट अडकले होते आणि डॉक्टरांचे फोन त्यांच्याकडे येत होते. ते म्हणाले, "मॅडम, तो नोड मेला आहे. पुसून नव्याने जोडा, दहा मिनिटांचं काम आहे."

काम खरोखरच दहा मिनिटांचं होतं. पण 'दिसत नाही' आणि 'नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्या बऱ्याच रांगा जुन्या, क्लासिक पद्धतीच्या होत्या. अशी रांग एकाच नोडवर मुक्काम करते, तिची दुसरी प्रत कुठे नसते. तिसऱ्या नोडवर कित्येक निरोप थांबलेले होते. नोड पुसला असता तर तेही पुसले गेले असते, आणि कोणाचे रिपोर्ट गेले हे शोधायला नंतर किती दिवस लागले असते कोण जाणे. मी म्हटलं, "सर, मला अर्धा तास द्या. पुसणं शेवटी आहेच." ते नाखुशीनेच हो म्हणाले.

एकट्या राहणाऱ्या काकूंनी फोन उचलला नाही तर आपण काय करतो? आधी नंबर बरोबर आहे ना ते बघतो, मग वॉचमनला विचारतो, मग शेजाऱ्यांना दार वाजवायला सांगतो. नोड दिसेनासा झाला तरी क्रम साधारण हाच असतो.

पहिलं, तो जिवंत आहे का? मी थेट तिसऱ्या सर्व्हरवर लॉग-इन केलं. प्रोसेस चालू होती, डिस्कवर जागा होती. लॉग उघडला तर तिथे वेगळीच हकीकत. त्याच्या मते बाकीचे दोघेच नाहीसे झाले होते!

दुसरं, नाव कळतं का? क्लस्टरमधले नोड एकमेकांना नावाने हाक मारतात. ते नाव कोणत्या पत्त्याचं, हे प्रत्येक सर्व्हरला ठाऊक असावं लागतं. हे तिन्ही ठिकाणांहून तपासायचं, कारण एकाला ठाऊक असलेला पत्ता दुसऱ्याला ठाऊक असेलच असं नाही. आमच्याकडे नावं ठीक होती.

तिसरं, खूण पटते का? अर्लांगच्या नोडमध्ये एक सामायिक गुप्त खूण असते, तिला कुकी म्हणतात. ती एका छोट्या फाइलमध्ये असते. एका अक्षराचा फरक पडला तरी नोड एकमेकांना उभं करत नाहीत. नवा सर्व्हर जोडताना अडचण आली तर बहुतेक वेळा मी आधी इथेच बघते. त्या रात्री खूणही जुळत होती.

चौथं, दारं उघडी आहेत का? इथे दोन दारं लागतात. ४३६९ क्रमांकाच्या पोर्टवर एक छोटा प्रोग्रॅम बसलेला असतो, आपला वॉचमनच म्हणा. तो फक्त सांगतो, "अमुक नोड अमुक दारामागे आहे." प्रत्यक्ष बोलणं होतं ते त्या दुसऱ्या दारातून, साधारणपणे २५६७२ वर. पहिल्या सर्व्हरवरून तपासलं तर वॉचमन लगेच उत्तर देत होता, पण त्याने दाखवलेलं दार काही उघडेना. उलट दिशेने, तिसऱ्यावरून पहिल्याकडे तपासलं, तरी तेच.

त्या संध्याकाळी सर्व्हर जिथे ठेवलेले आहेत तिथल्या नेटवर्क टीमने फायरवॉलचे नियम नव्याने बसवले होते. ४३६९ त्यांच्या यादीत होतं, २५६७२ राहून गेलं होतं. त्यांना फोन केला, नियम जोडला गेला, आणि मिनिटाभरात तिसरा नोड आपणहून हजेरीत आला. रांगा पुढे सरकू लागल्या. थांबलेला एकही निरोप गेला नव्हता. कॉलवरचे अधिकारी एवढंच म्हणाले, "बरं झालं पुसलं नाही."

या सगळ्यात मला सर्वांत आवडते ती तिसऱ्या नोडची वागणूक. संपर्क तुटला तेव्हा खरं तर दोन्ही बाजूंना एकच दृश्य दिसत होतं: समोरचा गायब आहे. दोन्ही बाजूंनी 'आम्हीच खरे' म्हणून काम चालू ठेवलं असतं तर एकाच क्लस्टरचे दोन संसार झाले असते, आणि नंतर ते जुळवताना एका बाजूचं काम टाकून द्यावं लागलं असतं. म्हणून रॅबिटएमक्यूमध्ये एक सेटिंग आहे. ज्या नोडला निम्मे किंवा त्याहून कमी सदस्य दिसतात, आपण धरून, तो स्वतःच थांबतो. कोणाकडून नवं काम घेत नाही, आणि दर सेकंदाला बघत राहतो की बाकीचे दिसू लागले का. कोणी दिसेनासं झालं तर कदाचित आपणच बाजूला पडलो असू, ही शंका त्या यंत्रात लिहून ठेवलेली आहे. क्लस्टरमध्ये दोनऐवजी तीन नोड ठेवतात त्याचंही हेच कारण. दोघांत एकमेकांशी संपर्क तुटला तर बहुमत कोणाचंच राहत नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही महत्त्वाच्या रांगा क्वोरम पद्धतीवर नेल्या. आता प्रत्येक निरोपाच्या तिन्ही नोडवर प्रती असतात, आणि बहुसंख्य नोडनी तो लिहून घेतल्यावरच पोच मिळते. एक नोड खरोखर गेला तरी निरोप शिल्लक राहतो.

आपल्या मंडळातली बरीच मुलंमुली आता या क्षेत्रात आहेत, काही नुकतीच लागली आहेत. तुमच्यावरही अशी रात्र येईल. कॉलवर दहा जण असतील आणि त्यातला सर्वांत मोठा आवाज 'पुसून टाका' म्हणत असेल. तेव्हा हा क्रम कागदावर लिहून जवळ ठेवा: जीव, नाव, खूण, दार. प्रत्येक पायरी दोन्ही बाजूंनी तपासा. आणि जे पुसल्यावर परत आणता येत नाही, त्याला हात सर्वांत शेवटी लावा.