तासाला किती पडले?

किंमत भागिले तास. गेम घेण्याजोगा आहे की नाही हे ठरवायला मला कित्येक वर्षं एवढा एकच हिशोब पुरत असे, आणि मी तो चारचौघांत, जरा ताठ्यानेच करत असे. ज्या घरात शाळेचा गणवेशसुद्धा वाढत्या मापाचा शिवला जायचा, तिथल्या मुलाने खेळही पुरवून पुरवून खेळायचा, हे ओघानेच आलं. चिप बसवलेला प्लेस्टेशन मित्राकडे होता आणि लॅमिंग्टन रोडवरून आलेली एक सीडी अख्खी मे महिन्याची सुट्टी चालवायची असायची. पुढे २०१५मध्ये स्टीमवर किमती रुपयांत दिसू लागल्या आणि भागाकार आणखी सोपा झाला. हजार रुपयांचा गेम शंभर तास चालला तर तासाला दहा रुपये. समीक्षकांना गेम फुकट मिळतो, त्यांना यातलं काय कळणार, असंही मी वर म्हणत असे.

या हिशोबात सगळ्यात जास्त मार खाल्ला तो छोट्या हॉरर गेम्सनी. त्यातल्या एकाचं नाव मी इथे घेणार नाही. तो एकट्या माणसाने बनवलेला आहे, आणि माझ्या रिव्ह्यूने त्याचं जे काही नुकसान व्हायचं ते होऊन गेलं. बंद पडलेलं संशोधन केंद्र, गेलेली वीज, हातात बॅटरी, मोजक्या गोळ्यांचं पिस्तूल आणि आवारात सुटलेला एक डायनासोर. फ्यूज शोधायचे, दारं उघडायची, बाहेर पडायचं. दृश्यं जुन्या प्लेस्टेशनसारखी खडबडीत, कडा थरथरणाऱ्या. सव्वा तासात मी फाटकाबाहेर होतो. अंगठा खाली केला आणि लिहिलं: जनावर उत्तम, पण सुरू होतो न होतो तोच संपतो, सेलमध्ये अर्ध्या किमतीला मिळाला तरच घ्या.

इतर खेळाडूंची मतं मी नंतर निवांत वाचली. गंमत अशी की ज्यांना गेम आवडला आणि ज्यांना आवडला नाही, त्या दोघांनी बऱ्याचदा एकच गोष्ट लिहिली होती. 'एका बैठकीत संपतो' हे वर केलेल्या अंगठ्याखालीही होतं आणि खाली केलेल्याही. कुणाची तक्रार होती की सगळ्या गेममध्ये एकच डायनासोर आहे. दुसरा सांगत होता की एकच आहे म्हणूनच तो कुठे असेल याचा विचार क्षणभरही डोक्यातून जात नाही. सेव्ह करायच्या जागा फार कमी आहेत, यावर तर चांगलीच जुंपली होती. सर्वांचं एकमत होतं ते फक्त एका बाबतीत: जनावराची शेपटी भिंतीतून आरपार जाते.

माझं मत हललं ते मात्र वेगळ्याच गेममुळे. 'डिनो क्रायसिस' हा माझ्या पिढीचा डायनासोर-हॉरर. कॅपकॉमचा, १९९९चा, दिग्दर्शक शिंजी मिकामी, ज्यांनी १९९६मध्ये 'रेझिडेंट ईव्हिल' केला होता. २०२५च्या सुरुवातीला तो गॉगवर पुन्हा विकायला आला आणि मी अर्थातच घेतला. आयबिस बेट, लाल केसांची रेजिना, डॉक्टर कर्क, थर्ड एनर्जीचा प्रयोग, सगळं जागच्या जागी होतं. माझ्या आठवणीत होता तो सलग, तासन्‌तास चालणारा थरार तेवढा सापडेना. सापडले ते तुकडे. ऑफिसची काच फोडून टी-रेक्स डोकं आत घालतो, तो एक. जखमी रेजिनाच्या अंगातून रक्त ठिबकत राहतं आणि जमिनीवर माग उमटतो, तो दुसरा. आणि सगळ्यात मोठा म्हणजे दार. 'रेझिडेंट ईव्हिल'ने आम्हाला शिकवलं होतं की दारापलीकडे गेलं की सुटलो. इथे दार ओलांडून हुश्श करावं तर रॅप्टर तेच दार ढकलून मागोमाग हजर.

मधला वेळ कशात जातो? डीडीके डिस्क गोळा करून अक्षरांची कोडी सोडवण्यात, रंगीत प्लग साठवून आपत्कालीन पेट्या उघडण्यात, भुलीच्या औषधांची मिश्रणं करण्यात. ती कोडी मला आवडतात, त्याबद्दल वाद नाही. पण त्या वेळात मला कशाचीही भीती वाटत नव्हती. शेवटच्या टप्प्यात हातात ग्रेनेड गन आल्यावर तर रॅप्टर दिसला की माझ्या मनात फक्त गोळ्यांचा हिशोब सुरू व्हायचा. कॅपकॉमने पुढच्याच वर्षी 'डिनो क्रायसिस २' काढला, त्यात तर डायनासोर मारल्याबद्दल गुण मिळतात आणि त्या गुणांवर हत्यारं विकत घेता येतात. २००३च्या तिसऱ्या भागात त्यांनी डायनासोर अंतराळात नेले. त्यावर मी बोलत नाही.

जनावर घाबरवतं ते त्याचे नियम आपल्याला ठाऊक नसतात तोवर. त्याला किती लांबून ऐकू येतं, वाकून चाललं तर दिसतं का, टेबलाखाली ते डोकावतं का, दार बंद केलं तर थांबतं का. खेळाडू हे शिकणारच. शिकणं हेच तर खेळणं. एकदा शिकला की मग पुढचे तास सरावाचे. 'एलियन: आयसोलेशन'मध्ये (२०१४) एकाच जनावरावर जवळजवळ सगळा गेम उभा आहे आणि त्या जनावराइतकं हुशार जनावर क्वचितच कुणी बनवलं असेल. तरीही त्याच्या लांबीबद्दल समीक्षकांनी तेव्हा नाकं मुरडली होती आणि मी त्यांना आळशी म्हटलं होतं. आता वाटतं, त्या लोकांनी भीती कुठे ओसरली ते नेमकं सांगितलं होतं, मी तास मोजत बसलो होतो.

माझ्या हिशोबाप्रमाणे सर्वश्रेष्ठ डायनासोर गेम कोणता, तर 'आर्क: सर्व्हायव्हल इव्हॉल्व्ड'. २०१५पासून मी त्यात शेकडो तास घातले आहेत. तासाचा भाव पैशांत येतो. पहिल्या रात्री समुद्रकिनाऱ्यावर, हातात दगडी कुऱ्हाड, झाडीतून कसलेसे आवाज, तेव्हा मी खराखुरा घाबरलो होतो. नंतर? नंतर मी डायनासोरांना गुंगीचं औषध देऊन पाळलं, त्यांना बेरी चारल्या, त्यांच्यावर खोगीर चढवलं, त्यांची अंडी उबवली. हे सगळं मजेचं आहे, पण ही गुरंढोरं सांभाळणं झालं. लांबी हवी असेल तर डायनासोरचं असं काहीतरी करावंच लागतं: त्याला मारून संपवा नाहीतर दावणीला बांधा.

'ज्युरासिक पार्क' आम्ही हिंदीत डब झालेला पाहिला. सगळा चित्रपट डायनासोरांनी भरलेला आहे असं मी शपथेवर सांगितलं असतं. प्रत्यक्षात दोन तासांहून थोड्या मोठ्या त्या चित्रपटात डायनासोर पडद्यावर आहेत ते सगळे मिळून पंधरा मिनिटांच्या आसपास. स्पीलबर्गला तिकिटामागे किती डायनासोर दिले असं कुणी विचारलं नाही.

आणि मग मला तो सगळ्यांचा मूळपुरुष सापडला. '३डी मॉन्स्टर मेझ'. १९८१मध्ये ब्रिटनमध्ये माल्कम एव्हान्स नावाच्या माणसाने, वाढदिवसाला भेट मिळालेल्या सिंक्लेअर झेडएक्स८१ या संगणकावर तो लिहिला, आणि १९८२मध्ये तो कॅसेटवर विकायला आला. त्या यंत्राची मूळ मेमरी एक किलोबाइट. या गेमसाठी मागे सोळा किलोबाइटचा वेगळा पॅक लावावा लागे, आणि तो पॅक जरा हलला की सगळं पुसलं जाई. रंग नाहीत. आवाज नाही. ठोकळ्यांनी काढलेल्या भिंतींचा चक्रव्यूह आणि त्यात एक टी-रेक्स. सुरुवातीला सर्कशीतल्यासारखा एक जण येऊन तुम्हाला आमंत्रण देतो, कच्च्या दिलाच्या लोकांनी आत जाऊ नये असं बजावतो. मग स्क्रीनच्या तळाशी एकेक ओळ येते: रेक्स दबा धरून बसला आहे, तो शिकारीला निघाला आहे, पावलं जवळ येत आहेत, त्याने तुला पाहिलं. मी एम्युलेटरवर, भर दुपारी, खिडकी उघडी ठेवून खेळत होतो. 'पावलं जवळ येत आहेत' ही ओळ आली तेव्हा स्पीकरमधून काहीच येत नव्हतं, आणि मी कोपऱ्यावर थांबून राहिलो. पुढे बघायचं धाडस होईना. एक फेरी काही मिनिटांची. एकट्या माणसाचा, छोटा, डायनासोरचा, जीव वाचवून पळण्याचा गेम. म्हणजे ज्या प्रकाराला मी अंगठा खाली दाखवला होता, नेमका तोच, माझ्या शाळेच्याही आधीचा.

त्यानंतर मी त्या भिंतीतून जाणाऱ्या शेपटीकडे परत गेलो. ती का जाते, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आजच्या तयार गेम इंजिनांमध्ये चालणाऱ्या पात्राभोवती टक्कर ओळखण्यासाठी साधारणतः एक उभी कॅप्सूल गृहीत धरलेली असते. माणूस तिच्यात चपखल बसतो. रॅप्टर आडवा असतो: पुढे मान, मागे तेवढीच लांब शेपटी. कॅप्सूल धडापुरती ठेवली तर शेपटी भिंतीत शिरते. जनावराएवढी मोठी केली तर ते दारातच अडकतं आणि अरुंद बोळात वळू शकत नाही. मधला मार्ग म्हणजे प्रत्येक बोळ, प्रत्येक दार, प्रत्येक वळण हाताने तपासत बसणं. मोठ्या कंपनीत त्यासाठी वेगळी माणसं असतात. एकटा माणूस अंधार वाढवतो, धुकं सोडतो, आणि बोळ मोजकेच ठेवतो. आणखी चार तासांचा गेम म्हणजे त्याच्यासाठी आणखी कितीतरी बोळ. मी मात्र चार तास जास्त मागताना ते कुठूनतरी आपोआप येतील असं समजत होतो. आले असते तेही असेच: चाव्या जास्त, फेऱ्या जास्त, त्याच बोळातून तिसऱ्यांदा जाणं.

पैशाच्या बाजूनेही गोष्ट साधी नाही. दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम खरेदीपासून चौदा दिवसांत परत केला तर स्टीम पैसे परत देतं. नियम २०१५चा, आणि तो रद्द व्हावा असं मी अजिबात म्हणणार नाही. त्याने मला दोन-तीन वेळा वाचवलं आहे. पण सव्वा तासाचा गेम पूर्ण खेळून, शेवट पाहून, परत करता येतो हेही त्याच नियमात बसतं. २०२१मध्ये 'समर ऑफ ५८' या हॉरर गेमच्या बाबतीत हेच झालं. ओसाड सोव्हिएत शिबिरात रात्र काढायची, दीडेक तासाचा खेळ. तो करणाऱ्या एमिका गेम्सने जाहीर केलं की लोकांची मतं चांगली आहेत, पण गेम दोन तासांच्या आत संपत असल्याने मोठ्या संख्येने परत केला जातो आहे, आणि म्हणून गेम बनवणं अनिश्चित काळासाठी थांबवत आहोत. आवडला असं लिहून परत करायचा, ही तऱ्हा मला तेव्हा अशक्य वाटली. मग आठवलं की त्या डायनासोर गेमच्या वेळी माझाही हात रिफंडच्या बटणापर्यंत गेला होता. परत केला नाही, कारण रक्कम इतकी किरकोळ होती की कंटाळा केला.

याचा अर्थ छोटं ते चांगलं, असं मी आता म्हणू लागलो आहे असं नाही. बाजारातून तेच रॅप्टरचं मॉडेल उचलायचं, तयार इमारतीत सोडायचं आणि अर्ध्या तासात 'पुढचा भाग लवकरच' म्हणून हात झटकायचे, असे गेम पुष्कळ आहेत. त्यांना लहान म्हणणं हा लहान गेमचा अपमान आहे. ते अर्धवट आहेत. त्या माझ्या गेममध्येही नकाशा वाईट आहे, आणि एका ठिकाणी फ्यूज दिसतच नाही, त्यावर मी ठाम आहे. रिव्ह्यू बदलताना अंगठा वर केला, फ्यूजची तक्रार तशीच ठेवली. आता कुणी विचारलं तर सांगतो: सव्वा तास, हेडफोन लावून, मध्ये न उठता. पूर्ण किमतीला.

हे सगळं मी भाच्याला पटवायला गेलो. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, खर्चाचे पैसे महिन्याच्या महिन्याला मोजून मिळतात. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, तुझं बरोबर आहे, पण तुला पगार आहे. मला हा महिना काढायचाय." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही नाही. मी म्हटलं, मी घेऊन देतो तो गेम. तर म्हणाला, घेऊनच देणार असशील तर सेलमध्ये आर्क आहे. दिला. परवा घरी गेलो तर कौतुकाने लॅपटॉप उघडून त्याने आपला टी-रेक्स दाखवला. खोगीर घातलेला, कुंपणात उभा. नाव ठेवलंय मोत्या.