पॉइंट, कंडेन्सर आणि रोलबॅक

आमच्या धंद्यात (आयटी हो, दुसरं काय!) सगळ्यात वाईट बग कोणता? जो बघायला बसलं की गायब होतो तो. आपण लॉग उघडून बसलो की सगळं ठणठणीत, आणि चहाला उठलो की सर्व्हर आडवा. गेल्या उन्हाळ्यात असला एक बग माझ्या वाट्याला आला. फक्त तो कोडमध्ये नव्हता, चितेगावला आमच्या दारात उभ्या असलेल्या १९९० सालच्या प्रीमियर पद्मिनीत होता.

नव्या मंडळींसाठी थोडी ओळख. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनायची, तिचंच नाव १९७४ पासून पद्मिनी. १०८९ सीसी, चार सिलिंडर, गिअर स्टिअरिंगपाशी. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आमची मात्र अजून नोकरीत आहे. आरटीओची पुनर्नोंदणी, पीयूसी सगळं वेळेवर.

आणि नोकरी कसली, तर पप्पांची रिटायरमेंटनंतरची स्वतंत्र वाहतूक व्यवस्था! महिन्यातून दोनदा आईला डोळ्यांच्या दवाखान्यात शहरात न्यायचं असतं. पैठण रोडवरून जेमतेम वीस किलोमीटर. पप्पांना शेजाऱ्याला 'जरा सोडता का' म्हणायला आवडत नाही, आणि मी पुण्यात.

मार्चमध्ये फोन आला. "गाडी बंद पडायली रे. वीस-पंचवीस मिनिटं नीट चालते, मग धक्के खाते आन् गपगार. अर्धा तास उभी केली की पुन्हा चालू." आई उन्हात झाडाखाली बसून राहिली होती. ताईचा निकाल तयारच होता: विकून टाका. आणि ताई चूक नव्हती. भर रस्त्यात, ट्रकांच्या रहदारीत, साठीच्या पुढचे दोघं असे अडकणं ही गंमत नाही.

मी एप्रिलमध्ये दोन दिवस सुट्टी टाकून गेलो. पद्मिनी उन्हात बंद पडली की सगळ्यांचं एकच निदान असतं: पेट्रोल तापलं, पंपात वाफ धरली, पंपावर ओलं फडकं टाका. फडकं टाकायचं, अर्धा तास थांबायचं, गाडी चालू होते. पण अर्धा तास थांबल्यावर काहीही गार होतं! फडक्यानं झालं की थांबल्यानं, हे कसं कळणार? म्हणून ठरवलं, गाडी बंद पडेल त्याच क्षणी बघायचं. पप्पा, मी, दुपारी दीडची वेळ, तोच रस्ता. कांचनवाडीच्या अलीकडे बाईसाहेब थांबल्या.

एक प्लग काढला, वायर लावूनच इंजिनाच्या लोखंडाला टेकवला (रबरी मुठीच्या पकडीनं, हजारो व्होल्ट असतात, आणि सांडलेल्या पेट्रोलपासून लांब). पप्पांनी सेल्फ मारला. चांगली ठिणगी निळी असते, टक्क वाजते. ही पिवळट आणि मरतुकडी. म्हणजे पेट्रोल निर्दोष, गुन्हेगार इग्निशनमध्ये.

आता इग्निशन चालतं कसं ते दोन मिनिटांत. अमेरिकन इंजिनीअर चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठी बसवलेली ही पद्धत आहे. कॉइलमधून तीन-चार अँपिअर करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. डिस्ट्रिब्युटरमधला कॅम फिरतो, पॉइंट उघडतो, करंट तुटतो. जोरात वाहणारा नळ झटकन बंद केला की पाइप धडधडतो ना, तसंच. क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट उठतात, त्याचीच ठिणगी. पण पॉइंट उघडताना करंटला त्या फटीतूनच उडी मारायची असते. ती उडी कंडेन्सर अडवतो. तो कमजोर झाला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवर पडते. पॉइंट जळतात, प्लगला उरतं ते पिवळट काहीतरी.

आणि कामाचा बोजा बघा. ३००० आरपीएमला मिनिटाला ६००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला १००. तासाला ३ लाख ६० हजार वेळा तो पॉइंट उघडतो-मिटतो. एवढे रिक्वेस्ट घेणारा सर्व्हर आमच्या टीमकडे असता तर आम्ही त्याचा वाढदिवस केला असता.

निघताना आमच्या मेकॅनिक चाचांनी त्यांच्या डब्यातला एक जुना कंडेन्सर खिशात घातला होता. एक स्क्रू, एक वायर. बदलला, गाडी सुरू. पण एवढ्यात ती गार झाली असेल तर? म्हणून पहिला पुन्हा लावला: बंद. चाचांचा लावला: चालू. पप्पा म्हणाले, "झालं का आता समाधान?" झालं.

प्रश्न असा, की खराब निघालेला तो कंडेन्सर चारच महिन्यांपूर्वी नवाकोरा बसवलेला. बाजारात आता मिळणाऱ्या मालाचा भरवसा नाही, आणि चाचांचा डबा किती दिवस पुरणार? तेव्हा अपग्रेड.

सरळ उपाय म्हणजे पॉइंट-कंडेन्सर काढून टाकायचे आणि डिस्ट्रिब्युटरमध्ये चुंबक आणि सेन्सर बसवायचा. झीज नाही, गॅप नाही. मी खुशीत पप्पांना समजावून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "आन् हे नक्षत्रवाडीला बंद पडलं तर मी काय करू? तुला पुण्याहून बोलवू?"

गप्प बसलो. प्रश्न बरोबर होता. पॉइंट बिघडला तर पप्पा कानसने घासून घरी येऊ शकतात. सेन्सर गेला तर टो करायची गाडी बोलवायची. बिघाड कमी होतील, पण झालेला बिघाड त्यांच्या हाताबाहेर जाईल.

म्हणून मधला मार्ग. पॉइंट तसाच ठेवायचा, पण करंट तोडायचं जड काम ट्रान्झिस्टरला द्यायचं. पॉइंट नुसता इशारा करतो. त्याच्यातून आता पाव अँपिअरच्या आसपासच जातो, त्यामुळे तो जळत नाही आणि कंडेन्सरची गरजच उरत नाही. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर सर्किट सोल्डर केलं आणि डबी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर, मडगार्डच्या आतल्या बाजूला बसवली, कारण ट्रान्झिस्टरला उष्णता चालत नाही. आणि मुख्य गोष्ट: जुना कंडेन्सर जागेवरच. डबी गेली तर लाल प्लग काढायचा, पिवळा लावायचा, गाडी पुन्हा १९९० मध्ये. आम्ही ज्याला रोलबॅक म्हणतो तेच. बॉनेटच्या आतून मराठीत चार ओळींचा कागद चिकटवला. पप्पांकडून तीनदा सराव करून घेतला. तिसऱ्या वेळी दोन मिनिटं, चष्म्याशिवाय!

चाचा येऊन बघून गेले. काडेपेटीच्या पुठ्ठ्यानं गॅप तपासला (मी मागून फीलर गेज लावलं, ०.४५ मिलिमीटर, अगदी हवा तेवढा) आणि म्हणाले, "अच्छा करे बेटा, पुराना वैसाइच रखे."

खोटं कशाला सांगू, गाडी काही पळायला लागली नाही, मायलेजही वाढलं नाही. कॅमला घासणारा पॉइंटचा ठोकळा अजून झिजतो, गॅप कमी होतो, टायमिंग मागं पडतं. तेव्हा गॅप बघणं आणि कॅमला बोटभर ग्रीस, हे चालूच राहणार. पण मे महिन्याच्या भर दुपारी दवाखान्याच्या दोन्ही फेऱ्या न थांबता झाल्या. जूनमध्ये पप्पांनी एकदा मुद्दाम वाटेत थांबून पिवळा प्लग लावून बघितला. डबीत काही बिघाड नव्हता. "जमतंय का बघितलं," म्हणाले.

ताई अजून विकायचंच म्हणते. एअरबॅग नाहीत, ब्रेक जुन्या जमान्याचे, यावर माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून हायवेला नेत नाही आणि रात्री चालवायची नाही, एवढं पप्पांनी कबूल केलंय. पण कधी निघायचं हे ते अजून स्वतः ठरवतात.

तुमच्याही घरी अशी म्हातारी असेल तर एवढंच करा: बंद पडली की फडकं शोधायच्या आधी ठिणगीचा रंग बघा. असो. पुढच्या शनिवारी कार्बोरेटर :)