रात्री दोनची गाडी

‘लगे रहो मुन्नाभाई’ २००६ मध्ये आला आणि तेव्हापासून पेशंट निदान घरूनच करून येऊ लागले. "डॉक्टर, डोक्यात केमिकल लोचा झालाय." लोचा असतो, नाही असं नाही. पण कधीपासून, असं विचारलं की उत्तर गेल्या पोळ्यापासून नाहीतर कर्जाच्या नोटिशीपासून सुरू होतं. मला बऱ्याचदा त्याच्या तीस वर्षं मागे जायचं असतं.

पाथर्डीकडचा एक गडी आला होता. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलतो. वय पस्तिशीचं, पिकअप चालवतो, दारू नाही. रात्री दोनला जाग येते, छाती धडधडते, मग उजाडेपर्यंत झोप नाही. दिवसा बारीकसारीक गोष्टीवरून बायकोवर ओरडतो आणि नंतर स्वतःच रडतो. ईसीजी झाला होता, थायरॉईड झालं होतं, सगळं नॉर्मल. शेजारी बसलेली आई मध्येच म्हणाली, "हा ल्हानपणापासून दोनला उठतोय. टरक यायचा ना."

आईबाप डोकी सेंटरला होते. नगर-बीडकडच्या वाचकाला हा शब्द सांगावा लागणार नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि वाहन येईल तेव्हा त्या डोक्यावरून नेऊन भरायच्या. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. गाडी कधी येईल याचा नेम नसतो. रात्री हॉर्न वाजायचा, कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, पाचटातून हेडलाइटचा उजेड आत यायचा आणि आई उठून जायची. अंगाशी सहा वर्षांची बहीण उरायची. आई कधी तासाभरात परतायची, कधी थेट उजाडल्यावर. ती हे सांगत असताना गडी मोबाइलकडे बघत होता. त्याला स्वतःला यातलं काहीच आठवत नाही.

डोक्याला आठवत नसलं तरी शरीरात त्याची नोंद राहू शकते. धोका दिसला की मेंदूतून निरोप निघतो आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसोल सोडतात. साखर वाढते, अंग पळायला तयार होतं. तेच कॉर्टिसोल मेंदूत परत पोचतं. तिथल्या हिप्पोकॅम्पस या भागात ते ओळखणारे ग्राहक असतात. ते म्हणतात, पुरे, आता थांबा. हा कासरा. ग्राहक कमी असतील तर कासरा ढिला पडतो आणि बैल उधळलेलेच राहतात.

हे ग्राहक किती असावेत, हे जन्मानंतरही ठरत असतं. कॅनडातल्या मायकेल मीनी यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या माया पिल्लांना किती चाटतात हे मोजत. २००४ मध्ये त्यांनी दाखवलं की कमी चाटलेल्या पिल्लांत या ग्राहकाच्या जनुकावर रासायनिक खुणा जास्त बसतात आणि जनुक दबतं. पिल्लांची अदलाबदल केली की खुणा सांभाळणाऱ्या आईप्रमाणे बसतात, जन्मदात्रीप्रमाणे नाही. २००९ मध्ये त्याच गटाने आत्महत्या केलेल्या माणसांचे मेंदू तपासले. ज्यांचे लहानपणी हाल झाले होते, त्यांच्यात हे ग्राहक कमी आढळले.

यावरून ‘ताण म्हणजे कॉर्टिसोल जास्त’ असं सोपं समीकरण व्हॉट्सॲपवर फिरतं. ते अर्धंच खरं आहे. रुमानियातल्या अनाथालयांतली १३६ मुलं घेऊन बुखारेस्टमध्ये एक अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निम्मी मुलं पालक कुटुंबांत दिली गेली. बाराव्या वर्षाच्या आसपास त्यांना ताणाच्या प्रसंगात उभं केलं, तेव्हा संस्थेतच राहिलेल्यांचं कॉर्टिसोल फारसं हललंच नाही. बैल उधळले नाहीत, बसले. साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचा प्रतिसाद मात्र इतर मुलांसारखा होता. म्हणून कोणी हजार रुपयांची कॉर्टिसोलची तपासणी करून बालपण मोजून देतो म्हणाला, तर पैसे वाचवा.

अमेरिकेत फेलिटी आणि अँडा यांचा १९९८ चा अभ्यास गाजला. लहानपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांत व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न कैक पटींनी जास्त आढळले. पण हा हिशेब समूहाचा. तो एकेका माणसाचं भविष्य सांगायला वापरू नका, असं पुढे अँडांनीच बजावलं. माझ्या गड्याच्या जागण्यालाही ट्रक हे एकच कारण मी चिकटवणार नाही. गाडीचे हप्तेही आहेत.

आईने विचारलं, "म्हंजी माझंच चुकलं का?"

अशा वेळी मी सिमोर लेव्हिन यांचे उंदीर सांगतो. त्यांनी १९५० च्या दशकात पिल्लं रोज काही मिनिटं आईपासून दूर केली. ती बिघडली नाहीत; मोठेपणी जास्त धीट निघाली. परत आल्यावर आई त्यांना जास्त चाटते, असं पुढच्या संशोधनात दिसलं. म्हणजे आई दूर जाणं हे विष नव्हे. ती केव्हा येईल याचा पत्ता नसणं आणि तोवर जवळ कोणी मोठं माणूस नसणं, हे मुलाला जड जातं. तिला मी एवढंच म्हणालो, "तुमच्या हातात परत येणं होतं, तेवढं तुम्ही केलंत. हॉर्न तुमच्या हातात नव्हता."

गडी सहा महिने औषधावर होता. जाग अजून येते. पण आता तो उठून पाणी पितो आणि पुन्हा झोपतो. बायको म्हणते, ओरडणं निम्म्यावर आलंय.

शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली ते चांगलंच. पण ती शाळकरी पोरांसाठी. दोन वर्षांच्या आतलं मूल आईबरोबर फडातच जातं, आणि अंगणवाडीतही तीन वर्षांखालच्यांच्या वाट्याला मुख्यतः घरी न्यायचा आहार येतो. नगर जिल्ह्यातच जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० मध्ये काम सुरू केलं आणि खेड्यातल्या निरक्षर बायका बाळंतपणापासून बालमृत्यू रोखण्यापर्यंत काय काय सांभाळू शकतात ते दाखवलं. तान्ह्या पोराशेजारी रात्री बसणं त्याहून अवघड नाही.

हा अंक हातात पडेल तेव्हा पाथर्डी-शेवगावातून ऊसतोड कामगारांच्या गाड्या निघत असतील. वाचकांत कारखान्यांचे संचालक असतीलच. नगर जिल्हा आहे. त्यांना विनंती: या गळीत हंगामात तळावर एक पाळणाघर काढा, रात्रीचंही. भिंती रंगवल्या नाहीत तरी चालेल. बाई मात्र एकच ठेवा, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, तीच. दर आठवड्याला बदलू नका.