रस्त्याच्या वाट्याची फुलं

दारासमोरची फुलं घरातल्या माणसांना सगळ्यात कमी दिसतात. आपण चपला सरकवतो, कुलूप लावतो आणि निघतो. कुंड्यांकडे आपली पाठच असते. त्या बघतात रस्त्याकडे: दूधवाल्याकडे, रिक्षाची वाट पाहणाऱ्या बाईकडे, व्हॅन चुकेल म्हणून धावणाऱ्या पोराकडे. चार कुंड्यांनी घराचं दर्शनी रूप एवढं पालटतं, त्याचं कारण मला यातच दिसतं. ही फुलं ज्याने लावली त्याच्यासाठी नसतातच.

त्यासाठी अंगण लागत नाही. पुण्याच्या पेठांत किंवा मुंबईच्या चाळींत अंगण होतं किती जणांना? तरी कठड्यावर सदाफुली होती, उंबऱ्याशी तुळस होती, जिन्याच्या वळणावर अबोली होती. डालडाचा रिकामा डबा, तेलाचा पंधरा किलोचा चौकोनी पत्र्याचा डबा, गळका माठ, कडी तुटलेली बादली, काहीही चाले. खिळ्याने तळाला भोकं पाडायची आणि वर्षातून एकदा सगळ्यांवर गेरूचा हात फिरवायचा. गेरू लागला की डबा आणि माठ एका घरचे होऊन जात. आज निळ्या-गुलाबी चकचकीत कुंड्या आणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, भांड्यांचा रंग एक ठेवा. मग फुलं कुठल्याही रंगाची लावा, शोभतात. गेरूच्या तांबड्यावर पोपटी पान जसं उठून दिसतं तसं कशावरच दिसत नाही.

कुंडी मात्र शक्यतो मातीचीच घ्यावी. भाजलेल्या मातीतून पाणी झिरपतं, हवा आत जाते, मुळं गार राहतात. पत्र्याचा डबा पश्चिमेच्या दारात वैशाखात इतका तापतो की कडेची मुळं भाजून निघतात. डबे ठेवायचेच असतील तर मातीच्या कुंड्यांच्या मागे, सावलीत ठेवावेत. भोकावर खापराचा तुकडा पालथा टाकावा, म्हणजे पाणी जातं आणि माती राहते. कुंडी काठोकाठ भरू नये, वर दोन बोटं जागा सोडावी. पावसाळ्यात खालच्या ताटल्या रिकाम्या कराव्यात, डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो.

आता कोणतं फूल? इथे मी घड्याळाकडे बघते. जास्वंद सकाळी उमलते आणि बहुधा त्याच संध्याकाळी मिटते. ती सकाळच्या लोकांची. चिनी गुलाबाला ऊन लागतं. ते चढलं की तो अख्खी कुंडी रंगांनी भरून टाकतो आणि दुपार कलली की पाकळ्या आवरून घेतो. त्याला पुढच्या काठावर बसवावं, खाली ओघळू द्यावं. चारच्या पुढे गुलबक्षी जागी होते. शाळा सुटलेल्या मुलांना ती सापडते, तिच्या काळ्या बिया खिशात भरून नेतात. दिवेलागणीला मोगरा. त्याला चार-पाच तास ऊन हवं आणि थंडी सरताना छाटणी हवी, कारण कळ्या नव्या फुटीवर येतात. कामावरून परतणाऱ्या माणसाला गडद लाल गुलाब संधिप्रकाशात काळपट दिसतो. पांढरा मोगरा मात्र दिसतो, आणि दिसला नाही तरी कळतोच.

शेवंतीचं प्रकरण वेगळं. तिला कळी धरायला लांब, सलग अंधारी रात्र लागते. दिवस लहान होऊ लागले की तिला ते बरोबर कळतं. पण दारातला बल्ब रात्रभर जळत असला किंवा रस्त्याचा दिवा थेट अंगावर पडत असला, तर तिच्या लेखी रात्र होतच नाही. झाड नुसतं पानांनी माजतं आणि घरची माणसं खतं बदलत बसतात. कुंडी कोपऱ्याआड, अंधारात सरकवायची. कळ्या टपोऱ्या होऊन रंग दाखवू लागल्या की मग खुशाल परत दारात आणावी.

आणि फुलं तोडणारे? पहाटे फिरायला निघालेले आजोबा, हातात पिशवी, जास्वंदीची कळी पूर्ण उमलायच्या आत देवासाठी गोळा. यावरून आपल्याकडे पाट्या लागतात, भांडणं होतात, कुंड्या जाळीत जातात. जाळीतली कुंडी मला बघवत नाही. कुंडी दारात ठेवायची आणि रस्त्याला कोंडून टाकायचं, हे जमत नाही. जास्वंदीचं आणखी एक रोप लावावं आणि सरळ बोलावं: ‘आजोबा, दोन न्या पूजेला, बाकीची राहू द्या झाडावर. शाळेतली मुलं बघतात.’ ऐकतात हो लोक.

स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात फुलांच्या कुंड्या बाहेर नाही, आतल्या चौकात असतात. चुन्याच्या पांढऱ्या भिंतींवर उंचापर्यंत टांगलेल्या. लांब काठीच्या टोकाला डबा बांधून त्यांना पाणी घालतात. आपल्या वाड्यांच्या चौकाची आठवण यावी असे ते चौक. पण मे महिन्यात तिथली माणसं दारं उघडतात आणि अनोळखी लोकांना आत घेतात. 1921 मध्ये तिथे चौकांची स्पर्धा सुरू झाली, 2012 मध्ये युनेस्कोने त्या उत्सवाची नोंद सांस्कृतिक वारशात केली. फूल आत असलं तरी ते दाखवायला दार उघडावं लागतं, हे त्या लोकांना नेमकं कळलं आहे.

आपल्याकडे हेच ब्रह्मकमळ करतं. एरवी दारातली सगळ्यात वेडीवाकडी कुंडी त्याचीच, नुसती लांब, चपटी, लोंबती पानं. मग पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री कळी फुगते, आणि ज्यांच्याशी वर्षभरात बोलणं झालं नाही तेही शेजारी बोलावले जातात. कुणी हळदकुंकू वाहतं, कुणी मुलाला झोपेतून उठवून कडेवर घेऊन येतं. सकाळी फूल मान टाकतं, पण तोवर दोघा-तिघांनी पान मागितलेलं असतं. जरूर द्यावं. घेणाऱ्याने ते दोन-तीन दिवस सावलीत ठेवून कापलेला भाग सुकू द्यावा, मग भुसभुशीत मातीत दोन बोटं खोल उभं खोचावं आणि पाणी बेताने घालावं. फुलायला काही वर्षं लागतील. तोवर त्याच कुंडीत कडेला चिनी गुलाबाच्या चार काड्या टोचून द्याव्यात.