थकीत हप्त्याच्या खोट्या नोटिसा

मीटिंगमधला पहिला प्रश्न होता, “ही टेस्ट कोणी लिहिली?” सहा वर्षं झाली, तरी तो प्रश्न मला अजून टोचतो. टेस्टच्या सर्व्हरवर खऱ्या सभासदांचा डेटा कोणी ओतला, हे कोणी विचारलं नाही. सर्व्हर बदलताना मेलचं सेटिंग कोणी सोडून दिलं, हेही नाही. टेस्ट कोणी लिहिली! उत्तर द्यायची वेळच आली नाही. समोर पडद्यावर कमिटची यादी लावलेली होती आणि वरून तिसऱ्या ओळीत टेस्ट लिहिणाऱ्या मुलीचं नाव होतं.

हिंजवडीतल्या कंपनीत आम्ही पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करत होतो. रात्री दोनला सगळ्या ॲक्सेप्टन्स टेस्ट आपोआप चालायच्या. एक टेस्ट अशी होती: एका सभासदाचा हप्ता थकला आहे, रात्रीचं काम चालतं, त्याला सूचनेची मेल जाते. हप्ता थकवायचा म्हणून घड्याळ तीन महिने पुढे नेलेलं. टेस्टमध्ये सभासद एकच होता, पण रात्रीचं काम सगळ्या खात्यांवरून फिरतं, ते तसंच फिरायला हवं. स्टेजिंगवर, म्हणजे टेस्टच्या सर्व्हरवर, मेलहॉग होतं: मेल बाहेर न सोडता अडवून ठेवणारा खोटा सर्व्हर. ॲप १०२५ पोर्टवर मेल देतं, ती ८०२५ वर ब्राउझरमध्ये वाचता येते. सर्व्हर नव्या मशीनवर हलवला तेव्हा मेल तिकडे वळवणारी सेटिंगमधली एक ओळ राहून गेली. आणि ती ओळ नसेल तेव्हा आमचं ॲप खरा मेलसर्व्हर धरायचं. आदल्याच आठवड्यात डेमोसाठी एका पतसंस्थेचा खरा डेटा तिथे आणलेला होता.

तेवीसशे सभासदांना ‘हप्ता थकीत’ अशी मेल गेली. समोरच्या सर्व्हरने २५० म्हटलं की एसएमटीपीच्या नियमाप्रमाणे मेल त्याच्या ताब्यात गेली. ती परत मागवता येत नाही.

सकाळी एक फोन मी स्वतः घेतला. साताऱ्याकडचे निवृत्त शिक्षक होते. “साहेब, मी दर महिन्याला पाच तारखेच्या आत भरतो. तीन हप्ते कसे थकतील? पावत्या काढून बसलोय पहाटेपासून. वाचून दाखवू का?” मी नको नको म्हणत होतो, तरी त्यांनी एकेक पावतीचा नंबर वाचून दाखवला. मी ऐकत राहिलो. मध्येच थांबवणं मला जमलं नाही.

आता त्या मीटिंगबद्दल. टेस्ट लिहिणाऱ्या त्या मुलीला नोकरीला लागून अकरा महिने झाले होते. त्या डेमोच्या आधी तिने मेल लिहिली होती: स्टेजिंगवर खरे पत्ते आणू नका, आणायचेच असतील तर आधी सगळे पत्ते बदलून घ्या. पत्ते बदलायची स्क्रिप्टही तिने जोडली होती. उदाहरणांसाठी डोमेन राखून ठेवलेली आहेत, एक्झाम्पल डॉट कॉम आणि डॉट इनव्हॅलिड, १९९९ पासून, आरएफसी २६०६ मध्ये, हेही तिने त्यात लिहिलं होतं. त्या मेलला उत्तर आलं नाही. मी सीसीत होतो.

मीटिंगमध्ये माझा लॅपटॉप समोर उघडा होता. ती मेल शोधायला दहा सेकंदं पुरली असती. मॅनेजर म्हणाले, “टेस्ट लिहिताना परिणामांचा विचार करायला नको?” ती म्हणाली, “सर, मी आधी कळवलं होतं.” “ते आपण नंतर बघू.” ते नंतर कधी आलंच नाही. मीटिंग संपल्यावर मी मॅनेजरांना केबिनमध्ये जाऊन ती मेल दाखवली. त्यांनी वाचली, मान हलवली. तोवर तिला प्रोजेक्टवरून काढल्याचं पत्र निघालेलं होतं. जिन्यात भेटली तेव्हा तिने एवढंच विचारलं, “सर, तुम्ही सीसीत होतात ना?”

मी लीड होतो. ती टेस्ट मी तपासून मंजूर केली होती. मग कमिटच्या यादीत माझं नाव नसतं ते का? मंजुरी देणाऱ्याचं नाव त्याच पडद्यावर दिसायला हवं, असं मी तेव्हापासून प्रत्येक टीममध्ये भांडून करून घेतलं आहे. आणि जे नवीन या कामात येतात त्यांना सांगतो: ॲपला सेटिंग सापडलं नाही तर त्याने मेल पाठवायचीच नाही, सुरूच व्हायचं नाही. टेस्टमधून एकही खरी मेल बाहेर जाता कामा नये, यावर मी तेव्हा इतका ठाम होतो की त्या मशीनचं बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्टसुद्धा बंद करून घेतलं.

पण त्याच आठवड्यात दुसरं घडलं. माफीची मेल मी लिहिली. विषय होता ‘हप्त्याबाबत चुकून गेलेल्या सूचनेबद्दल दिलगिरी’. दुपारी पुन्हा गुरुजींचा फोन. “साहेब, मेल आली, पण वर प्रश्नचिन्हांचे चौकोन आहेत. ही तरी खरी का?”

मेलच्या विषयात देवनागरी सहसा थेट जात नाही, सांकेतिक तुकडे करून जाते, आणि एक तुकडा ७५ अक्षरखुणांपेक्षा लांब चालत नाही. बेस-६४ मध्ये एका तुकड्यात ४५ बाइट मावतात. यूटीएफ-८ मध्ये आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं, मात्र स्पेस एकाच बाइटची. ‘हप्त्याबाबत’चे ३३, स्पेसचा एक, आणि मग पंचेचाळिसावा बाइट ‘चुकून’मधल्या दीर्घ उकाराच्या पोटात. अक्षराच्या मध्ये तुकडा पाडू नये असा नियम १९९६ पासून आहे. आमच्या जुन्या कोडने तो पाळला नव्हता. काही फोन तुकडे आधी जोडून मग वाचतात, तिथे विषय नीट दिसला. गुरुजींच्या फोनवर नाही.

आणि आमच्या सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या. त्यांतले विषय ‘हप्ता थकीत’ एवढे छोटे, अठ्ठावीस बाइटचे. तुकडा पडायची वेळच येत नव्हती. अडवलेली मेल आम्ही वाचत होतो तीही तुकडे जोडून घेणाऱ्या लायब्ररीने. खोट्या पेटीत सगळं उत्तम होतं. म्हणजे ज्या गोष्टीवर मी पोर्ट बंद करण्याइतका ठाम होतो, ती मला महिन्याभरात सोडावी लागली. त्या मशीनचं पोर्ट अजून बंदच आहे. पण दुसऱ्या एका मशीनवरून, ज्यावर कोणाचाही डेटा नाही, रोज सकाळी पाच खऱ्या मेल आमच्याच पाच पत्त्यांवर जातात आणि टेबलावरच्या पाच वेगवेगळ्या फोनांवर कोणीतरी त्या डोळ्यांनी वाचतं.

गुरुजींना संस्थेच्या शिक्क्याचं छापील पत्र कुरियरने पाठवलं. त्यांना हप्त्यांच्या पावत्यांशेजारी लावून ठेवायला कागद हवा होता. तिला मात्र तसं काही लिहून देणं मला शक्य झालं नाही. कंपनीने ते मान्य केलं नाही, आणि माझ्या एकट्याच्या सहीचं पत्र मी दिलंही नाही. ते द्यायला मला कोणी अडवलेलं नव्हतं.

सकाळच्या पाच मेलचा विषय मी बदललेला नाही. ‘हप्त्याबाबत चुकून गेलेल्या सूचनेबद्दल दिलगिरी’ हाच आहे.