शिवडीत, गाडी थंड होईपर्यंत

अटल सेतूवर गाडी थांबवायला मनाई आहे. 21.8 किलोमीटरचा पूल, त्यातला साधारण 16.5 किलोमीटर समुद्रावर. मार्च 2025 मध्ये, रमजानच्या एका पहाटे, कलिंगडं भरलेली आमची पिकअप चिर्ल्याकडून पुलाचा चढ घेताना हिसके द्यायला लागली. समोर चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत होता. अब्बा तोंडातल्या तोंडात दुआ पुटपुटत होते. भाईने गाडी खालच्या गिअरवर घेतली, पाय हलका ठेवला आणि कशीबशी शिवडीला उतरवली. भायखळ्याला माल उतरवला. रिकामी गाडी पाहा, अगदी शहाण्यासारखी चालायला लागली!

हे पंधरा दिवसांपासून सुरू होतं. रिकामी असली की ठीक, भरून चढावर घेतली की मिसिंग. आमच्याकडच्या एका गॅरेजवाल्याने टर्बो गेला म्हणून सांगितलं होतं. त्याने सांगितलेला आकडा ऐकून घरात सगळे गप्प झाले, कारण तेवढे पैसे एकाच डब्यात होते आणि तो डबा अम्मीच्या उमऱ्याचा होता. अम्मीच म्हणाली, "गाडी असेल तर उमरा पुन्हा होईल." पण ते म्हणताना तिने आमच्याकडे पाहिलं नाही.

त्या दुपारी अब्बा हट्टाला पेटले. गाडी कुणाला तरी दाखवल्याशिवाय मी परत पुलावर चढणार नाही, म्हणाले. म्हणून आम्ही शिवडीत थांबलो. ट्रक, टेम्पो, तेल कंपन्यांची कोठारं आणि बंदराची गोदामं यांचा हा मुलूख; इथे गाडीची नाडी बघणारा माणूस सापडायला वेळ लागत नाही. ज्यांच्याकडे गेलो त्यांना सगळे उस्ताद म्हणत होते. वय साठीच्या पुढचं, रोजा असलेला, आवाज हळू. त्यांनी बॉनेट उघडलं, हात जवळ नेला आणि बंद केलं.

"इंजिन तापलंय. डोकं अॅल्युमिनियमचं आहे. गरम असताना प्लग काढला तर आटे सोबत येतील. असरनंतर बघू."

त्यांनी टर्बोचं नावही काढलं नाही. जोहर पढून आम्ही तिघे स्टेशनच्या पूर्वेला खाडीकडे निघालो.

शिवडीचा किल्ला लहान आहे. इंग्रजांनी 1680 मध्ये टेकडीवर बांधला, समुद्रावर नजर ठेवायला. 1689 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाचं आरमार मुंबईवर चालून आलं, तेव्हा त्यांनी आधी हाच किल्ला घेतला. भाई म्हणाला, "म्हणजे आपल्या रायगडकडची माणसं तेव्हाही समुद्रावरूनच शिवडीला यायची." अब्बांना हसू आलं. दिवसभरातलं पहिलंच. जवळच्या दर्ग्यापाशी सावलीत जरा बसून आम्ही जेट्टीपर्यंत गेलो.

ओहोटी होती. चिखलाचं काळं मैदान लांबवर उघडं पडलेलं, आणि त्यावर गुलाबी रांगा. रोहित पक्षी. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत ते इथे असतात. चिखलपाण्यातलं बारीक शेवाळ खातात आणि त्याच्यानेच त्यांना तो रंग येतो. मान उलटी करून चोच पाण्यात घालतात, गाळून खातात. त्यांच्या डोक्यावरून पूल गेलेला, सकाळी ज्याच्यावर आमचा जीव टांगला होता तोच. खालून तो फार उंच वाटत नाही.

असरनंतर उस्तादांनी आधी हवेच्या नळीने प्लगच्या खोबणीतली धूळ उडवली. ती आत सिलिंडरमध्ये पडली तर नवं दुखणं. मग कॉइल उचलल्या आणि प्लग पान्याने चारही प्लग काढून फळीवर क्रमाने मांडले.

मुंबईतल्या मालाच्या पिकअप बऱ्याचशा डिझेलच्या. त्यांना स्पार्क प्लग नसतोच, असतो तो थंडीत मदत करणारा हीटर प्लग. आमची सीएनजीची, वर टर्बो. गॅस पेटवायला ठिणगी लागते, आणि पेट्रोलपेक्षा जोरकस लागते. टर्बो जास्त हवा कोंबतो. हवा जितकी दाबलेली, तितकी ती विजेला अडवते. प्लगच्या मधल्या काट्यापासून वरच्या पट्टीपर्यंतची फट मोठी असेल तर वीस-पंचवीस हजार व्होल्टलाही तेवढी उडी मारता येत नाही. रिकाम्या गाडीत दाब कमी, म्हणून ठिणगी पडते. भरलेल्या गाडीत, चढावर, टर्बो पुरा फिरायला लागला की ठिणगी चुकते. न जळलेला गॅस सायलेन्सरकडे जातो आणि तिथला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून खराब करतो. लुकलुकणारा दिवा त्याचीच हाक देत असतो.

उस्तादांनी पत्त्यांचं फीलर गेज काढलं. आमच्या गाडीच्या पुस्तकात फट 0.7 मिलिमीटर लिहिलेली. चारही प्लगांत 1.1 ची पत्ती आरामात गेली. दोन महिन्यांपूर्वी बदललेले प्लग होते ते. डब्यातून काढले तसे बसवलेले, दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीच्या मापाचे. नखाच्या जाडीएवढा फरक.

"पद्मिनी टॅक्सीच्या काळात आम्ही हॅक्सॉचं पातं घालून बघायचो," ते म्हणाले. "पातं गेलं की गॅप बरोबर. तेव्हा चालायचं." (मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचं वय ऑक्टोबर 2023 मध्ये भरलं. पातं अजून उस्तादांच्या पेटीत आहे, आम्ही पाहिलं.)

नवे प्लग पुस्तकातल्या नंबरचेच मागवले. डब्यावर गॅप छापलेला होता तरी एकेक मोजला. एकाचा 0.8 निघाला. त्याची वरची पट्टी लाकडावर हळूच टेकवून, पुन्हा पत्ती घालून, 0.7 वर आणली. मधल्या काट्याला हात नाही. तो इरिडियमचा, केसासारखा बारीक. गेज दाबून फट वाढवायला गेलं तर मोडतो. एक प्लग भाईच्या हातून फरशीवर पडला. उस्तादांनी तो बाजूला ठेवला आणि दुसरा आणवला. आतली चिनी माती तडकली असेल तर बाहेरून दिसत नाही, म्हणाले. त्याचे पैसे आम्हालाच द्यावे लागले, आणि ते बरोबरच होतं.

आटे हातानेच बसवले, पाना नंतर. वॉशर टेकल्यावर अर्धा फेरा, मग टॉर्क पान्याने खात्री. पानाभर जोर काढायची सवय भाईला आहे. त्याला त्यांनी हात लावू दिला नाही.

मगरिबची अजान झाली तेव्हा बॉनेट बंद होत होतं. खजूर त्यांच्याकडचे, कलिंगड आमचं, बाजूला काढून ठेवलेलं. बिलात चार प्लग, पाचवा पडलेला आणि मजुरी, एवढंच होतं. अब्बांनी जास्त देऊ केलं तर उस्ताद म्हणाले, "उद्या भरून चढवा. रिकाम्या गाडीवर मला दाद देऊ नका."

दुसऱ्या पहाटे सहरीनंतर माल भरला. चिर्ल्याच्या चढावर भाईने मुद्दाम पाय दाबला. टर्बोची शीळ आली, गाडी सरळ वर गेली. अब्बा बोलले नाहीत, फक्त खिडकीची काच खाली केली. शिवडीजवळ आलो तेव्हा भरती होती. चिखल पाण्याखाली होता आणि पक्षी कुठेतरी गेले होते. घरी अम्मीने डबा उचलून पुन्हा कपाटात ठेवला.